सामने घटले, तरी दमछाक का वाढली?

प्रश्न : एनबीए या अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल स्पर्धेचा 2011-12 चा हंगाम 82 ऐवजी 66 सामन्यांचा झाला, मग वयस्कर खेळाडूंच्या संघांना तो सोपा जायला हवा होता ना? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : सामने कमी झाले हे खरे, परंतु संघमालक आणि खेळाडू यांच्यातील वादामुळे हंगाम उशिरा, थेट 25 डिसेंबरला सुरू झाला आणि ते सगळे सामने जेमतेम चार महिन्यांत कोंबावे लागल्याने प्रत्येक संघावर किमान एकदा लागोपाठ तीन रात्री खेळण्याची वेळ आली. पस्तिशी गाठलेल्या गुडघ्यांना मधली विश्रांतीच अधिक मोलाची असते. केविन गार्नेट, पॉल पिअर्स आणि रे ॲलन या वयस्कर खेळाडूंचा बोस्टन सेल्टिक्स संघ हंगामाच्या पूर्वार्धात 15 विजय आणि 17 पराभव असा रखडला. उत्तरार्धात मात्र गार्नेट सेंटरच्या (म्हणजे बास्केटजवळ खेळणाऱ्या उंच खेळाडूच्या) जागी खेळू लागल्यावर संघाने 34 पैकी 24 सामने जिंकले. सॅन अँटोनियो स्पर्स संघाचे तेव्हाचे प्रशिक्षक ग्रेग पोपोविच यांनी, माझ्या मते, अधिक शहाणपण दाखवले. संघातील ज्येष्ठ खेळाडू टिम डंकनला ते अधूनमधून चक्क बसवून ठेवत, आणि मार्चमधील एका सामन्याच्या गुणतक्त्यात तर तो न खेळण्याचे कारण ‘म्हातारा’ असे नोंदवले गेले! स्पर्सने 50 सामने जिंकले; अर्थात कवाय लेनर्ड, डॅनी ग्रीन यांच्यासारखे तरुण हाताशी होते, म्हणूनच त्यांना ही चैन परवडली.