बोयावरील सेन्सर : आधी रीडिंग, मग सफाई

प्रश्न : आमच्या महाविद्यालयात हतनूर धरणाचे पाणी तपासण्याचे मीटर महिनोन्महिने बिनतक्रार चालते. माझा धाकटा भाऊ मात्र किनाऱ्यालगत समुद्रात तरंगत्या ठेवलेल्या बोयांवरील हवामानाची व पाण्याची यंत्रे सांभाळण्याच्या नोकरीत आहे आणि त्याला दर काही आठवड्यांनी बोटीने जावे लागते. एवढी निगा कशासाठी?
– एक वाचक, भुसावळ

उत्तर : आपण मीटर काही मिनिटे पाण्यात धरता आणि धुऊन ठेवता; बोयावरील सेन्सर मात्र अहोरात्र पाण्यातच असतो. आपल्याकडच्या उबदार समुद्रात त्यावर लवकरच जिवाणूंचा चिकट थर बसतो, मग शेवाळ येते आणि पुढे बार्नेकलसारखे कवचधारी जीव घट्ट चिकटून बसतात. अडचण अशी की यंत्र बंद पडत नाही, ते चुकीचे आकडे देत राहते. गढूळपणा वाढलेला दिसतो आणि विरघळलेला ऑक्सिजन शेवाळामुळे दिवसा जास्त, रात्री कमी भरतो.

म्हणून माझ्या मते या कामात सफाईपेक्षा सफाईपूर्वीचे रीडिंग अधिक मोलाचे आहे. मळलेल्या सेन्सरचे आणि शेजारी सोडलेल्या स्वच्छ यंत्राचे रीडिंग आधी घ्यावे, नंतर सफाई करून ते पुन्हा घ्यावे आणि शेवटी प्रमाणित द्रावणात तपासावे. सफाईने पडलेला फरक मळाचा असतो, तर द्रावणात उरलेला फरक सेन्सर स्वतः ढळल्याचा असतो. आधीच ब्रश फिरवला, तर मागील आठवड्यांच्या नोंदी दुरुस्त करण्याचा आधारच जातो.

शेवाळ रोखण्यासाठी सेन्सरभोवती तांब्याची जाळी लावतात, आणि गंज रोखण्यासाठी बोयाच्या सांगाड्याला जस्ताचे ठोकळे. तांबे किंचित विरघळते म्हणूनच शेवाळाला आवरते. त्याचा जस्ताशी विद्युत संपर्क आला की ते विरघळणे थांबते आणि जाळीवरच शेवाळ माजते. हीच जाळी अॅल्युमिनियमच्या भागाला टेकली, तर अॅल्युमिनियम झपाट्याने खाल्ले जाते. म्हणून मध्ये प्लॅस्टिकचे वॉशर हवेच. पाण्यावरच्या यंत्रांचे काम तुलनेने सोपे असते : मीठ गोड्या पाण्याने धुवावे, सौर पॅनेलवरील पक्ष्यांची विष्ठा पुसावी.

आपल्या मीटरविषयीही एक सूचना. 25 अंश सेल्सिअसला 10.01 पीएच असणारे कार्बोनेट बफर (मीटर जुळवून घेण्याचे प्रमाणित द्रावण) 40 अंशांना सुमारे 9.89 असते. भुसावळच्या मे महिन्यात कॅलिब्रेशन करताना बाटलीवरील तापमानाचा तक्ता पाहूनच आकडा धरावा.