‘भारी...’ आणि ‘चालतंय.’

“मॅडम, हे बघा ना. हा राग आहे की नाही?” असं म्हणत फोन माझ्यापुढे धरणारी माणसं आता माझ्याकडे समुपदेशनाला इतकी येतात, की कुणी खिशात हात घातला की मी चष्मा लावते. स्क्रीनवर बहुधा एकच शब्द असतो. बरं. ओके. हो का... भीती त्या शब्दाची नसते, त्याच्या शेपटीची असते.

अशीच एक तेवीस वर्षांची मुलगी आली. (ओळखीचे तपशील बदललेत.) पहिली नोकरी, आईपासून लांब. “आईला माझं काहीच पटत नाही,” म्हणाली आणि मेसेज काढले. नव्या खोलीच्या फोटोंवर आईचं उत्तर ‘भारी...’. पहिल्या पगारावर ‘लय भारी.........’.

“टोमणा आहे हा. आवडलं नाही तर सरळ सांग ना!”

तिने प्रत्येक वेळी ‘चालतंय.’ एवढंच लिहिलं होतं. मग दोन-दोन दिवस अबोला.

“मैत्रिणीने ‘भारी...’ लिहिलं असतं तर?”

“तर ती नक्की खेचत असती.”

तिच्या वयाच्या व्याकरणात ती बरोबरच होती. ‘भारी’ कौतुकालाही चालतो आणि टोमण्यालाही. बोलताना सूर निवाडा करतो, लिहिताना ते ओझं चिन्हावर पडतं. ‘भारी!’ टाळी देतं, ‘भारी.’ दार लावून घेतं. मेसेज पाठवला की वाक्य तसंही संपतं, म्हणून पूर्णविराम जादा ठरतो, आणि जादा दिसलं की माणूस त्यात अर्थ शोधतो. (मराठीत विरामचिन्हं रुळवली एकोणिसाव्या शतकात मेजर थॉमस कँडी यांनी, वाचणाऱ्याने कुठे थांबावं ते कळायला. रुसायची सोय आपण केली.)

मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या वाटेने जाणारी. घटना आणि दुःख यांच्या मध्ये आपण मनात एक वाक्य बोलतो, ते सापडलं की अर्धं काम होतं असं मी मानते. हिचं वाक्य होतं, ‘टिंबं म्हणजे आई नाराज.’ तीन भेटी ते उलटसुलट तपासलं. ती मान डोलवायची, पण पटत नव्हतं. चौथ्या भेटीला आईंना बोलावलं.

खुलासे मागितले नाहीत. म्हटलं, “तुमचाच मेसेज मोठ्याने वाचा.”

त्यांनी फोन लांब धरला. “लय भाऽऽरी,” आवाज चढत गेला आणि शेवटी जरासा कापला.

“आणि ही टिंबं?” मुलीने विचारलं.

“अगं, पुढे काय लिहू सुचत नाही. शब्द सापडेपर्यंत दाबत बसते. नाहीच सापडला की पाठवून देते.”

मुलगी बोटाने मागेमागे जात राहिली. पगाराच्या मेसेजवर थांबून तिने टिंबं मोजली. नऊ.

मोठ्याने वाचायला लावणं मला त्या खोलीतच सुचलं, आणि खरं सांगायचं तर त्याचं मला अजूनही अप्रूप आहे. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात ईमेल लिहिणाऱ्यांना वाटत होतं, की आपला उपरोध की गंभीरपणा 78 टक्के वेळा ओळखला जाईल. ओळखला गेला 56 टक्के वेळा, म्हणजे नाणं उडवण्याहून थोडंच बरं. तशीच वाक्यं आवाजात ऐकणाऱ्यांनी 73 टक्के वेळा बरोबर ओळखली.

म्हणून माझ्याकडे येणाऱ्यांना सांगते, मेसेज त्या माणसाच्या आवाजात वाचा, आपल्या भीतीच्या आवाजात नको. त्याचे जुने मेसेज चाळा. जो कायमच पूर्णविराम देतो, त्याचा पूर्णविराम सोडून द्या. कधीच न देणाऱ्याने अचानक दिला, तर मात्र फोन लावा. फोनच. ‘रागावलास का?’ असं टाइप करू नका, त्या प्रश्नचिन्हाचीही पुन्हा चिकित्सा होते.

त्या दिवशी उठता उठता आईंनी विचारलं, “मग तुझं ते ‘चालतंय.’? ते तरी साधं होतं ना?”

मुलगी गप्प. मग म्हणाली, “नाही. ते रागाचंच होतं.”

“कशाचा गं राग?”

उरलेला पाऊण तास मला तोंड उघडावं लागलं नाही.