पोहता येत नाही, तरी राफ्टमध्ये बसू का?

प्रश्न : ताई, आम्ही इंदिरानगरचे. मी, मिस्टर, कॉलेजला जाणारी मुलगी आणि आठवीतला मुलगा असे चौघं दिवाळीत ऋषिकेशला राफ्टिंगला जायचं म्हणतोय. मुलगा सावरकर तलावावर पोहायला शिकलाय, फेब्रुवारीत त्याला 14 पूर्ण होतील. मला पोहता येत नाही, म्हणून मिस्टर म्हणतात, तू काठावर थांब. त्यांना 36 किलोमीटरचा मोठा टप्पाच करायचाय. एजंट म्हणतो, ‘वयाचं काही नाही, फॉर्मवर 14 लिहून टाकू.’ काय करावं?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : तुम्ही काठावर थांबायचं काही कारण नाही. रॅपिडमध्ये, म्हणजे नदीच्या वेगवान खळाळत्या भागात, पाणी फेसाळतं, त्यात हवा मिसळलेली असते आणि तलावातला पट्टीचा पोहणाराही त्यात खाली जातो. त्याला आणि तुम्हाला वर ठेवतं ते लाइफ जॅकेटच. मला काळजी वाटते ती मुलाची. ‘मला पोहता येतं’ या भरवशावर मुलं पट्टे सैल ठेवतात.

राफ्टमध्ये चढण्याआधी सगळे बकल लावा, पट्टे आवळा आणि दुसऱ्या कुणाला तरी खांद्यापाशी धरून जॅकेट जोरात वर ओढायला सांगा. ते हनुवटीपर्यंत सरकलं, तर ते तुमच्या मापाचं नाही. दुसरं मागून घ्या. गाईड घाई करत असला तरी मागा. वल्ह्याच्या वरच्या टोकाची मूठ तळहातात घट्ट हवी, कारण लाटेत सुटलेली ती मूठ शेजारच्याच्या तोंडावर बसते आणि दात पडतात.

पाण्यात पडलात, तर पाठीवर राहायचं, पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे, चवडे पाण्याबाहेर दिसतील असे. वाहत्या पाण्यात उभं राहू नका. पाणी गुडघ्याच्या जेमतेम वर असलं, तरी पाऊल दगडांच्या फटीत अडकतं आणि मागून येणारा लोट माणसाला तोंडावर पाडून तिथेच दाबून धरतो. तेव्हा जॅकेटचाही उपयोग नसतो. आपण नाशिककर दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागलं यावरून गोदेचा पूर ठरवतो, म्हणून उथळ पाण्याची भीती आपल्याला वाटत नाही. पहाडी नदीत खोलीआधी वेग बघायचा. वाचवायला कुणी दोरी फेकली, तर ती हाताने धरायची, मनगटाला गुंडाळायची नाही. हे सगळं मुलाकडून घरी सतरंजीवर झोपवून दोन-चारदा करून घ्या. गाईड काठावर सांगतो तेव्हा निम्मं लक्ष फोटोंकडे असतं.

आता वयाचं. ऋषिकेशला नियमाने किमान 14 वर्षं लागतात. फॉर्मवर खोटं लिहू नका, आणि जो एजंट ते सुचवतो त्याच्याकडे बुकिंगही करू नका. वयात जो सूट देतो, तो जुन्या जॅकेटात आणि गाईडच्या अनुभवातही देईल. तुमच्यापुढे सोपा रस्ता आहे : दिवाळीऐवजी मुलाची परीक्षा झाली की एप्रिलमध्ये जा. तेव्हा मुलगा नियमात बसेल. पावसाळ्यात जुलै-ऑगस्टला तिथलं राफ्टिंग बंदच असतं, आणि मे महिन्यात चारधामची गर्दी रस्ता अडवते. नाशिकरोडहून हरिद्वारला थेट गाडी आहे, पण रोज नाही. आरक्षण 60 दिवस आधी सुरू होतं, त्यामुळे आधी गाडीचा वार बघा, मग सुट्टी टाका. ऋषिकेशचे शनिवार-रविवार टाळा.

टप्पा निवडताना घरात सगळ्यात कच्चं कोण, ते बघायचं. ब्रह्मपुरीहून सुटणारा सुमारे 9 किलोमीटरचा टप्पा तुम्हा चौघांना पुरेसा आहे. तो करून सगळ्यांना हुरूप आला, तर दुसऱ्या दिवशी शिवपुरीचा 16 किलोमीटरचा घ्या. रोलर कोस्टर आणि गोल्फ कोर्स हे गाजलेले रॅपिड त्यात येतात. कौडियालाहून 36 किलोमीटरचा टप्पा पहिल्याच खेपेला नको. त्या बाजूला ‘द वॉल’ नावाचा रॅपिड आहे, तिथे राफ्ट उलटण्याची शक्यता खरी असते. मिस्टरांना तोवर दम निघत नसेल, तर त्यांनी आणि लेकीने दिवाळीत कोलाडला कुंडलिका नदीवर जाऊन यावं. मुळशीचं पाणी भिऱ्याच्या वीजकेंद्रातून खाली येतं, ते सोडलं की नदी चालू होते. पाणी सकाळी येतं, म्हणून नाशिकहून आदल्या दिवशीच मुक्कामाला पोचायचं.

जीन्स आणि सुती टी-शर्ट नकोत. एप्रिलमध्येही गंगेचं पाणी बर्फाचं असतं आणि ओलं सुती कापड अंगावर गारठत राहतं. चप्पल नको, मागे पट्टा असलेली सॅंडल हवी. चष्मा असेल तर दोरीने बांधा. दम्याचा किंवा हृदयाचा त्रास असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. मधल्या संथ पाण्यात गाईड उतरायला सांगतो, तेव्हा राफ्टची दोरी धरून तुम्हीही जरूर उतरा. कड्यावरून उड्या मारायला मात्र मुलांना पाठवू नका.

बुकिंगचा फोन करताना पैशाआधी एकच विचारा : राफ्टच्या सोबत सेफ्टी कयाक, म्हणजे पाण्यात पडलेल्याला वाचवायला येणारी एकट्याची छोटी होडी, असते का? ‘त्याची गरज नाही’ असं उत्तर आलं, तर फोन ठेवा आणि दुसरीकडे लावा.