आजीचा अंदाज वहीत कसा उतरवायचा?

प्रश्न : आजी ऐंशीच्या पुढे गेली आहे. तिच्या हातचे पदार्थ लिहून घ्यायचे आहेत, पण विचारलं की "अंदाजानं घालायचं गं, माप कशाला?" एवढंच म्हणते. माप काढायचं कसं?

उत्तर : आजीला मोजायला लावू नका. हातात चमचा दिला की तिचा हात अडखळतो आणि पदार्थही बिघडतो. तिला नेहमीसारखं करू द्या, वजन तुम्ही करा. पीठ, तेल, मीठ, मसाला यांचे डबे सुरुवातीला वजनकाट्यावर ठेवून आकडे लिहा, स्वयंपाक आटोपला की पुन्हा ठेवा. तेलाचं भांडं आधी ८४० ग्रॅम भरलं आणि नंतर ७९५, म्हणजे तेल गेलं ४५ ग्रॅम. चिमटीनं घालायच्या जिनसांना स्वयंपाकघरातला साधा काटा पुरत नाही, एखाद्या ग्रॅमचा फरक तो नीट दाखवत नाही. तिला कागदावर दहा चिमटी टाकायला सांगा, एकत्र वजन करा आणि दहानं भागा. तिची वाटीही मोजा. रिकामी वाटी काट्यावर ठेवून शून्य करा आणि काठोकाठ पाणी भरा. जितके ग्रॅम, तितके मिलिलिटर. एका घरातली वाटी १२०ची असते, दुसरीकडची २००ची, त्यामुळे नुसतं "दोन वाट्या" लिहिलं तर पुढच्या पिढीला त्याचा काही उपयोग नाही.

हे झालं साहित्य. वहीतून नेहमी सुटतं ते यापुढचं. फोनवर चित्रीकरण करताना रोख तिच्या चेहऱ्यावर नको, हातांवर आणि भांड्याच्या आत असू द्या. आवाजही नीट येऊ द्या, कारण तडतडणं कधी थांबलं, झाकणाखाली आवाज कसा बदलला, यावरूनच ती आच कमी करत असते. "आता पुढे काय?" असं विचारू नका, "झालं हे कशावरून कळलं?" असं विचारा. मग "तेल कडेनं सुटलं", "कच्चा वास गेला", "पळीला चिकटेनासं झालं" अशी उत्तरं मिळतात. तीच खरी कृती, मिनिटं बाजूला बारीक अक्षरात लिहिली तरी चालतील. एकाच दिवसाच्या आकड्यांवर विसंबू नका. एकच पदार्थ निदान तीनदा मोजा. आकडे खालीवर होतील, आणि ते का झाले हे विचारल्यावर "आज कांद्याला पाणी फार सुटलं" असं काहीतरी ती सांगेल. तेही लिहा.

प्रश्न : आजीनं सांगितलं तसंच, तेवढंच घालतो. तरी घरातले म्हणतात, "आजीची चव नाही." काय चुकतं?

उत्तर : तिनं काहीतरी लपवलं असेल हा संशय आधी काढून टाका. दोष बहुतेक वेळा कांद्यात किंवा मिठात सापडतो. "कांदा परतून घ्यायचा" हे ती एका दमात सांगते, पण अर्धा किलो पातळ चिरलेला कांदा जाड बुडाच्या भांड्यात मध्यम ते मंद आचेवर गडद तपकिरी व्हायला ३० ते ४५ मिनिटं लागतात. तुम्ही दहाव्या मिनिटाला पुढचं घालत असाल तर कांदा नुसता मऊ झालेला असतो, गोडवा आणि रंग यायचाच असतो. आच वाढवून घाई केली तर कडा करपतात, आत कच्चं राहतं आणि कडवटपणा उतरतो. लहान भांड्यात कांदा दाटला तर तो परतला जात नाही, स्वतःच्याच वाफेत शिजतो.

मिठाचं दुखणं वेगळं. बारीक मिठाचा सपाट छोटा चमचा साधारण ६ ग्रॅम भरतो. जाड मीठ त्याच चमच्यात कमी बसतं. तिचं मीठ जाड आणि तुमचं बारीक असेल तर चमचा तोच राहून पदार्थ खारट होतो. मीठ वजनानंच घ्या.

कडधान्य दडदडीत राहत असेल तर आंबट कधी घालता ते पाहा. दाणा मऊ होण्याआधी आंबट पडलं की तो लवकर शिजत नाही. क्षार जास्त असलेल्या जड पाण्यातही असंच होतं, आणि फार जुनं कडधान्य तर कितीही शिजवा, दाद देत नाही.

प्रश्न : अलीकडे आजीच्या हातचं खारट होतं. तिला वाईट वाटेल म्हणून कुणी बोलत नाही, मुलं ताट तसंच टाकतात. सांगावं कसं?

उत्तर : वयानं बऱ्याच जणांची वासाची आणि चवीची जाण मंदावते, काही औषधांनीही तसं होतं. तिला जेवण अळणी लागतं, म्हणून हात सैल सुटतो. हे एकदम झालं असेल तर डॉक्टरांना सांगा, रक्तदाब असेल तर नक्कीच.

पण मुलांनी टाकलेलं ताट तिला दिसतं, आणि कारण न सांगण्यानं तिला जास्त लागतं. पंगतीत नको, स्वयंपाकघरात दोघीच असताना सांगा. तिच्या हातून काम काढून घेऊ नका, घरातला तिचा मान पुष्कळदा त्या कामावरच टिकून असतो. मीठ तेवढं वजन करून छोट्या वाटीत तिच्या हाताशी ठेवा. ओलसर पदार्थात शिजलेल्या वजनाच्या पाऊण ते एक टक्का मीठ बहुतेकांना पुरतं, म्हणजे एक किलोला साडेसात ते दहा ग्रॅम. शेवटची चव नातवंडाला घेऊ द्या आणि ते काम त्याला तिनंच नेमून द्यावं.

प्रश्न : आजीच्या हातची वही तेलकट झाली आहे, पानं सुटली आहेत. लॅमिनेट करावी का?

उत्तर : नको. उष्णतेनं चिकटवलेलं प्लॅस्टिक पुन्हा निघत नाही. चिकटपट्टीही नको, ती पिवळी पडून कागद खराब करते. खिडकीजवळ, बाजूनं येणाऱ्या उजेडात, फ्लॅश न लावता प्रत्येक पानाचा फोटो काढा आणि दोन ठिकाणी साठवा. तेलकट पानांमध्ये साधा पांढरा कोरा कागद घाला. मूळ वही कोरड्या, अंधाऱ्या कपाटात ठेवा आणि ओट्यावर छापील प्रत वापरा. खाडाखोड आणि कडेला लिहिलेलं "पाहुणे असतील तर दीडपट" हेसुद्धा प्रतीत जसंच्या तसं येऊ द्या. मात्र दीडपट करताना पाणी थोडं कमीच घाला. भांडं तेवढंच राहिलं तर वाफ पूर्वीइतकीच जाते, आणि रस्सा पातळ होतो.