एमडी अॅनेस्थेशियाच्या पहिल्याच वर्षी रेसिडेंटला एकट्याने भूल द्यावी लागते का?

नाही, पहिल्या वर्षी सीनियर शेजारी असल्याशिवाय भूल द्यायची नसते. पण कामाला मात्र पहिल्या आठवड्यापासूनच जुंपतात. मी सरकारी कॉलेजातून ही तीन वर्षांची एमडी केली आहे, त्यावरून सांगते. सकाळी पेशंट टेबलावर यायच्या आत मशीन तपासायचं: ऑक्सिजन येतोय का, सर्किट म्हणजे पेशंटला हवा नेणाऱ्या नळ्या कुठे गळतायत का, सक्शन ओढतंय का, घशात पाहायच्या लॅरिंगोस्कोपचा दिवा लागतोय का. मग औषधं भरून प्रत्येक सिरिंजवर नाव आणि प्रमाण लिहायचं. नवीन मुलांना श्वासनलिकेत ट्यूब टाकायची घाई असते, पण आधी शिकायचं ते मास्क नीट धरून श्वास देणं. ट्यूब जमली नाही तरी मास्कने ऑक्सिजन देता आला, तर बहुतेक वेळा पेशंट सुरक्षित राहतो. ट्यूब टाकल्यावर कॅप्नोग्राफवर दर श्वासाला कार्बन डायऑक्साइडची लाट दिसली पाहिजे. ट्यूब चुकून अन्ननलिकेत गेली असेल तर ही लाट टिकत नाही. स्पायनल, म्हणजे पाठीच्या कण्यात सुई घालून कमरेखाली द्यायची भूल, हेही याच वर्षी हाती येतं. सुईतून कण्यातलं स्वच्छ पाणी थेंबथेंब येईपर्यंत औषध ढकलायचं नाही.

फक्त एक: कुठे किती मोकळीक मिळते हे कॉलेजवर आणि पेशंटच्या गर्दीवर ठरतं. रात्रीच्या इमर्जन्सी सिझेरियनला सीनियर दुसऱ्या ओटीत अडकलेला असू शकतो. तेव्हा संकोच न करता फोन करायचा. दुसऱ्यांदा करावा लागला तरी करायचा. अॅडमिशनआधी तिथल्या सध्याच्या रेसिडेंटना नाइट ड्युटीला सीनियर कोण असतो, हे जरूर विचारा.