समितीपुढे गेलं की मुलं नेतात का?

प्रश्न : ताई, मी बीड जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहते. वय 63. हे पत्र शेजारच्या पोरीकडून लिहून घेतलंय. माझा मुलगा दोन वर्षांमागं वारला. सून दिवाळीनंतर तिच्या भावाबरोबर अर्ध्या कोयत्यावर, म्हणजे जोडीदाराविना एकटीच्या मजुरीवर, ऊसतोडीला जाते. नातू 13 वर्षांचा, नात 9 वर्षांची, दोघं माझ्याजवळ असतात. नातू शाळा सोडून रोडवरच्या ढाब्यावर कामाला जायला लागला. कुणीतरी 1098 ला फोन लावला. एक बाई आणि एक साहेब घरी आले, सगळं लिहून घेतलं आणि बालकल्याण समितीपुढे मुलांना घेऊन या म्हणाले. गावातले म्हणतात, गेलीस की पोरं बालगृहात टाकतील, त्यापरीस पोराला मामाकडं फडावर धाडून दे. रात्रीची झोप उडाली आहे. काय करू?

उत्तर : आजी, पोराला फडावर धाडू नका. समितीपुढे जा, आणि दोघांनाही घेऊन जा.

तुमची भीती मला कळते. समितीच्या बैठका बऱ्याच ठिकाणी बालगृहाच्या नाहीतर निरीक्षणगृहाच्या आवारातच भरतात. मोठं फाटक, त्यावर ती पाटी, आत रांगेतली मुलं. कुणाच्याही पोटात गोळा येईल. पण आत पिंजरा नसतो, काळे डगले नसतात. अध्यक्ष आणि सदस्य टेबलापलीकडे बसतात, मुलाशी वेगळं बोलतात, तुमच्याशी वेगळं बोलतात. आणि ज्या 2015 च्या बाल न्याय कायद्यानुसार ही समिती चालते, त्यातच लिहिलंय की मुलाला संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय. घरात मारहाण, अत्याचार असेल, सांभाळणारं कुणीच नसेल, तर गोष्ट वेगळी. तुमच्या घरात आजी आहे, आई आहे. नुसती गरिबी हे मूल घरातून हलवायचं कारण होऊ शकत नाही, हे मी वर्षानुवर्षं समितीपुढे अहवाल ठेवताना ठासून लिहीत आले.

घरी आलेल्या बाईंनी काय लिहून घेतलं असेल ते सांगते, म्हणजे धसका कमी होईल. त्याला सामाजिक तपासणी अहवाल म्हणतात. मुलं झोपतात कुठं, चूल कोण पेटवतं, घरात आजारी कोण, दुकानाची उधारी किती, आणि मूल शाळेत का जात नाही. या शेवटच्या प्रश्नाचं खरं उत्तर मिळालं की निम्मं काम होतं. एका वस्तीतली मुलगी सारखी गैरहजर असायची. शाळेत सगळे म्हणायचे, तिला शिकायचंच नाही. मी घरी गेले तर नळाला पाणी सकाळी साडेदहाला यायचं, आई तेव्हा कामावर, आणि कडेवर दीड वर्षाचा भाऊ. ती पाणी भरायला थांबायची, एवढंच! तिला समजावणीची काहीच गरज नव्हती. शेजारणीने चार हंडे भरून ठेवायचं कबूल केलं, धाकट्याला एका नातेवाईक बाईकडे ठेवायचं ठरलं, आणि मुलगी शाळेत बसायला लागली. आमचं काम बहुतेक वेळा असंच असतं. मोठं भाषण नसतं, अडलेलं एक काम सोडवायचं असतं.

म्हणून तुमचा नातू ढाब्यावर का गेला ते लपवू नका. किराणाची उधारी होती, तुमच्या गोळ्या आणायच्या होत्या, की आईनं मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फिटत नाही हे त्याच्या कानावर आलं? जे असेल ते सरळ सांगा. 14 वर्षांखालच्या मुलाला ढाब्यावर कामाला ठेवणं हा गुन्हा आहे, पण तो ठेवणाऱ्याचा. पोराला कुणी आरोपी करत नाही. त्याला घरात कुणी बोल लावत असेल तर तेही थांबवा. त्यानं घरासाठीच केलं. आणि फोन कुणी केला याचा शोध घेत बसू नका. 1098 हा मुलांच्या मदतीचा नंबर आहे. ज्यानं लावला त्यानं तुमचं वाईट चिंतलेलं नाही.

आता पैशाचं. वडील नसलेल्या मुलांना बालसंगोपन योजनेतून दर मुलामागे महिन्याला 2250 रुपये मिळू शकतात. आदेश हीच समिती देते, म्हणजे ज्या दाराला तुम्ही भिताय तिथूनच मदत निघते. पैसे दर महिन्याला हातात पडतील या भरवशावर उधारी करू नका, कधी कधी थकतात. तरी अर्ज आजच करा. तुमच्या वारलेल्या मुलाचा मृत्यू दाखला, रेशनकार्ड, सगळ्यांची आधारकार्डं, शाळेचे बोनाफाईड, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, बँक पासबुक आणि घरासमोर मुलांसोबत तुमचा फोटो, हे एका पिशवीत ठेवा. मृत्यू दाखल्यावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळतं का ते आधी कुणाकडून तरी वाचून घ्या. अर्ज तिथंच अडकतात. सुनेसाठी संजय गांधी निराधार योजनेचंही विचारा, त्यात उत्पन्नाची अट आहे. गावच्या शाळेत हंगामी वसतिगृह, म्हणजे आईबाप ऊसतोडीला गेलेल्या मुलांची सोय, चालू असेल तर दोघांच्या जेवणाची सोय होईल का, तेही मुख्याध्यापकांना विचारा.

एक गोष्ट मात्र आजच करा. सुनेला फोन लावा. मुलांची आई हयात आहे, त्यामुळं समिती तिला विचारणारच. मुकादम सोडत नसेल तर घरी आलेल्या बाईंना तसं सांगा. त्या जिल्हा बाल संरक्षण कक्षातल्या असतील तर समितीकडून तिच्या नावचं पत्र काढून घेऊ शकतात. ती तारखेला पोचलीच नाही तर फोनवर तिचं म्हणणं ऐकावं अशी विनंती करा. मुलं तुमच्या ताब्यात देताना हमीपत्रावर सही किंवा अंगठा घेतील. नातू शाळेत जाईल, कामाला जाणार नाही, असं त्यात असेल. अंगठा उठवण्याआधी ते पूर्ण वाचून दाखवायला सांगा. पुढं कार्यकर्ते अधूनमधून घरी येत राहतील. आले की गोळ्यांचं, उधारीचं, शाळेचं, जे अडलं असेल ते त्यांच्या कानावर घाला.