पुण्यात डिलिव्हरी सुरू, बेळगावला कधी? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

प्रश्न : सर नमस्कार, मी बेळगावात शहापूरला राहतो, कापडाचं दुकान आहे. नवी इलेक्ट्रिक एसयूव्ही लाँच झाली त्याच्या दुसऱ्याच दिवशी शोरूमला गेलो, तर म्हणाले डेमो गाडी आली की फोन करतो, तवापासून वाट बघायलोय. पुण्यात मावसभावाच्या सोसायटीत दोन गाड्या आल्या सुद्धा. इथं कधीबी विचारा, पुढच्या महिन्यात. बुकिंगचे पैसे भरलेत, मधलं व्हेरिएंट सांगितलंय. जुन्या पेट्रोल गाडीला गिऱ्हाईक आलंय, देऊन टाकू का? का बुकिंगच कॅन्सल करू? आमच्या गावाला मुद्दाम मागं ठेवतात काय?

उत्तर : दादा, जुनी गाडी आत्ता देऊ नका. गिऱ्हाईक परत मिळेल, पण लग्नसराईत दुकानाच्या मालासाठी इचलकरंजीला पळायचं असताना दारात गाडी नसली तर फार हाल होतात. नव्या गाडीचा चेसिस नंबर (म्हणजे तुमच्यासाठी ठरलेल्या गाडीचा तिच्या सांगाड्यावरचा नंबर) तुमच्या हातात लेखी आला की मगच जुनीचा सौदा करा, त्याच्या आधी नाही.

आता मुद्दाम मागं ठेवतात का ते. मुद्दाम नाही, पण मागं ठेवतात हे खरंच आहे आणि त्याचा राग येणं बरोबर आहे. होतं काय, की गाडी "आली" असं आपण ऐकतो तेव्हा ती नुसती दाखवलेली असते, मग किंमत सांगतात, मग टेस्ट ड्राइव्ह, मग बुकिंग, आणि शेवटी डिलिव्हरी, आणि या प्रत्येक पायरीत मोठी शहरं आधी. महिंद्राच्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई चं बघा. २६ नोव्हेंबर २०२४ ला चेन्नईत दाखवल्या, टेस्ट ड्राइव्ह जानेवारी २०२५ मध्ये आधी मुंबई, दिल्ली, पुणे, बेंगळुरू असल्या मोठ्या शहरांत, मग टप्प्याटप्प्यानं बाकीच्या गावांत, बुकिंग १४ फेब्रुवारीला, आणि त्या एकाच दिवसात ३०,१७९ बुकिंग. डिलिव्हरी मार्चमध्ये सुरू झाली ती सगळ्यात महागड्या पॅकची (महिंद्रा व्हेरिएंटला पॅक म्हणते), खालच्या पॅकवाल्यांना अजून काही महिने थांबायला लागलं. मारुतीची ई विटारा जानेवारी २०२५ ला दिल्लीच्या एक्स्पोत दाखवली, गुजरातमधल्या हंसलपूरच्या कारखान्यात उत्पादन सुरू झालं ते २६ ऑगस्टला, आणि तिथून गाड्या आधी परदेशात गेल्या. म्हणजे व्हिडिओ बघितल्यापासून गाडी दारात लागेपर्यंत वर्ष निघून जाऊ शकतं, आणि त्यात तुमच्या डीलरचा काही दोष असेलच असं नाही.

तुम्ही मधलं व्हेरिएंट सांगितलंय, मला वाटतं तुमची खरी अडचण तिथं आहे. आपल्या भागात बहुतेक जण पैसे बघून मधलं नाहीतर खालचं मॉडेल घेतात, आणि कंपनी सुरुवातीला टॉप मॉडेल बनवते कारण त्यात तिला जास्त सुटतात. त्यामुळे पुण्यातल्या सोसायटीत दिसलेल्या दोन गाड्या आणि तुमची गाडी या एका रांगेत नसतीलच कदाचित. मावसभावाला विचारा त्या कुठल्या व्हेरिएंटच्या आहेत.

दुसरं म्हणजे शोरूमची तयारी. इलेक्ट्रिक गाडी विकायला नुसती काच आणि फुगे लावून चालत नाही. बॅटरीत तीनशे-चारशे व्होल्टची वीज असते, वर्कशॉपला ट्रेनिंग झालेला माणूस लागतो, इन्सुलेटेड हातमोजे आणि हत्यारं लागतात, वेगळी जागा लागते, आणि फास्ट चार्जर बसवायचा तर हेस्कॉमकडनं (आपल्या भागातली वीज कंपनी) जादा लोड मंजूर करून घ्यायला लागतो. हे होईपर्यंत गाडी नाही आली तर मी म्हणेन बरंच आहे. गाडी आली आणि पहिलीच वॉर्निंग लाईट लागल्यावर ती फ्लॅटबेडवर घालून हुबळीला न्यायची वेळ आली, तर त्याच्यापेक्षा दोन महिने उशीर परवडला. म्हणून पुढच्या वेळी शोरूमला गेलात की "गाडी कधी" हा प्रश्न शेवटी विचारा. आधी विचारा हाय व्होल्टेजचं काम इथं बेळगावात होतं का, ट्रेनिंग झालेले मेकॅनिक किती आहेत, आणि शक्य असेल तर मागं वर्कशॉपमध्ये जाऊन स्वतः बघून या. सेल्समनच्या तोंडावरनं कळत नाही ते तिथं कळतं.

कॅन्सल करायचं का? बुकिंग कंपनीच्या सिस्टीममध्ये तुमच्या नावानं पडलंय का बघा, ऑर्डर नंबर मेसेजवर आलेला असायला पाहिजे. नुसती डीलरची पावती असेल तर ऑर्डर नंबर मागा, नाही दिला तर पैसे परत घ्या. ऑर्डर नंबर असेल तर थांबा, फक्त कॅन्सल केल्यावर किती कापतात ते लिहून घ्या, आणि किंमत बुकिंगच्या दिवशीची का डिलिव्हरीच्या दिवशीची हे पण विचारा, बहुतेक ठिकाणी डिलिव्हरीच्या दिवशीची धरतात. चेसिस नंबर यायच्या आधी "फुल पेमेंट केलं तर नंबर वर घेतो" असं कुणी म्हणालं तर अजिबात देऊ नका. इन्शुरन्स त्यांच्याकडनंच घ्यायला पाहिजे असं पण काही नाही, कुठल्या कंपनीचा घ्यायचा हे गिऱ्हाइकानं ठरवायचं असतं.

डेमो गाडीसाठी इथंच बसू नका, कोल्हापूर नाहीतर हुबळीला डेमो असेल तर एक दिवस काढून जा. आणि शोरूमच्या मागच्या गल्लीत चक्कर मारून परत येऊ नका, घरची चार माणसं बसवून, एसी लावून हायवेला घ्या म्हणा. कंपनी जे किलोमीटर सांगते ते टेस्टिंगचे असतात, हायवेला शंभरच्या स्पीडनं त्यातले बरेच कमी होतात. तवंदी घाट चढताना बॅटरीचे किती टक्के गेले आणि उतरताना किती परत आले हे एकदा डोळ्यानं बघितलं की बेळगाव-पुणे साडेतीनशे किलोमीटरला कुठं थांबायला लागेल याचा तुमचा तुम्हाला अंदाज येतो.

प्रश्न : आम्ही निपाणीचे. कोल्हापूर आम्हाला चाळीस किलोमीटर, बेळगाव जवळपास दुप्पट. कोल्हापूरच्या शोरूमला गाडी लगेच मिळते म्हणतात. आत्याचा पत्ता लावून एमएच-०९ पासिंग करून घेऊ काय? इकडं निम्म्या गावाच्या गाड्या तशाच आहेत.

उत्तर : निम्म्या गावाच्या आहेत हे मलाही माहीत आहे, तरी करू नका. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ४० प्रमाणे गाडी जिथं कायम राहते आणि मालक जिथं राहतो त्याच राज्यातल्या आरटीओकडं पासिंग व्हायला पाहिजे, म्हणजे तुमचं कर्नाटकात, जवळचं चिकोडी, केए-२३. बाहेरच्या राज्याची गाडी बारा महिन्यांच्या वर इथं ठेवली तर कलम ४७ प्रमाणे इथला नंबर घ्यायला लागतो. आणि इलेक्ट्रिक गाडीत तर हे सगळं करून मिळणार काय? पेट्रोल गाडीला लोक एमएच पासिंग करतात ते टॅक्ससाठी, कारण कर्नाटकात दहा ते वीस लाखाच्या पेट्रोल गाडीला १७ टक्के आजीवन टॅक्स, वर सेस वेगळा. इलेक्ट्रिकला इथं २०१६ पासून टॅक्स माफ होता, २०२४ ला २५ लाखाच्या वरच्या गाड्यांना १० टक्के लावला. हे नियम सरकार बदलत असतं, म्हणून बिल करायच्या आधी चिकोडी आरटीओत त्या दिवशीचा दर विचारा, पण नुसत्या ऐकीव गोष्टीवर पत्ता बदलू नका. जीएसटी दोन्हीकडं सारखाच, ५ टक्के.

कोल्हापुरात घेऊन टेम्पररी नंबरवर आणून चिकोडीला पासिंग करणं कायद्यानं चालतं. डीलर कुरकुर करतात, कारण कंपन्यांनी एरिया वाटून दिलेला असतो. पण तुम्हाला सर्व्हिसला कोल्हापूरच सोयीचं असेल तर बोलून बघा, तुमच्या जागी मी पण तेच केलं असतं. फक्त एक, पावसाळ्यात यमगर्णीला वेदगंगेचं पाणी हायवेवर आलं की तुमचं कोल्हापूर तुटतं, २०१९ आणि २०२१ ला काय झालं ते तुम्ही बघितलंय. पाणी असलेल्या रस्त्यात इलेक्ट्रिक गाडी घालायची नाही. बॅटरीला आयपी ६७ असतं म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकावी अशी टेस्ट झालेली असते, पण ती टेस्ट उभ्या पाण्यात असते, वाहत्या पुरात नाही.

प्रश्न : खानापूर तालुक्यात आमचं घर मळ्यात आहे. गाडी यायला अजून तीन-चार महिने आहेत. तोवर काय करून ठेवू? गृहज्योतीमुळं (महिन्याला २०० युनिटपर्यंत फुकट विजेची कर्नाटक सरकारची योजना) बिल शून्य येतंय. पंपसेटच्या थ्री फेजवर चार्जिंग केलं तर चालेल का?

उत्तर : हा प्रश्न सगळ्यांनी विचारायला पाहिजे होता. तीन-चार महिने मिळालेत हे चांगलं झालं, कारण घरची लाईन तयार करायला तेवढे लागतातच.

पंपसेटचा विचार सोडून द्या काका. ती वीज शेतीसाठी फुकट दिलेली आहे, गाडीला वापरलेली सापडली तर वीज कायदा २००३ चं कलम १२६ लागतं आणि दुप्पट दरानं आकारणी होते. शिवाय ती थ्री फेज कधी दिवसा कधी रात्री ठरावीक तासच येते, गाडी भरायच्या कामाची नाही.

आता गृहज्योती. महिन्याला हजार किलोमीटर चालवली तर गाडी साधारण दीडशे-पावणेदोनशे युनिट खाते. घरचे शंभर असतील तर २०० ची हद्द गेली, आणि ती गेली की वरच्याच नव्हे सगळ्याच युनिटचं बिल भरायला लागतं. म्हणून गाडीसाठी वेगळं मीटर घ्या. ईव्ही चार्जिंगला कर्नाटकात दर पण वेगळा आहे. हेस्कॉमच्या सेक्शन ऑफिसात अर्ज करा, अर्ज कन्नडमध्ये असतो, अडलं तर तिथंच लाईनमनला नाहीतर लायसन्स असलेल्या इलेक्ट्रिक कॉन्ट्रॅक्टरला घेऊन जा, वायरिंगचा रिपोर्ट तसाही त्याचाच लागतो. बिलावर मंजूर लोड किती आहे बघा, जुन्या घरांना एक-दोन किलोवॅटच असतो. साध्या १६ अँपिअरच्या सॉकेटवर गाडी तीन किलोवॅट ओढते, ७.२ चा वॉल चार्जर बसवला तर त्याच्या दुप्पटच्याही वर.

वॉल चार्जर लागतोच असं नाही हं. खानापूर-बेळगाव जाऊन येऊन पन्नास-साठ किलोमीटर, म्हणजे आठ-दहा युनिट, ते सॉकेटवर तीन-साडेतीन तासात भरतात. रोज एवढंच फिरणं असेल तर चार्जरचे पैसे वाचवा आणि ते अर्थिंगवर घाला. अर्थिंग खराब असेल तर गाडी चार्जिंगच घेत नाही, लोकांना वाटतं गाडी बिघडली. नवा अर्थिंगचा खड्डा, मीटरपासून सरळ जाड वायर, स्वतःचा एमसीबी (जादा लोड आला की आपोआप पडणारा स्विच), आणि सॉकेट पत्र्याखाली पावसाचा झोत येणार नाही अशा जागी. तुमच्याकडं कणकुंबीच्या बाजूला झाड पडून लाईन दोन-दोन दिवस जाते, तेव्हा जून ते सप्टेंबर बॅटरी चाळीस टक्क्यांच्या खाली येऊ देऊ नका.

प्रश्न : माझे मिस्टर आर्मीत आहेत, पोस्टिंग बदलत राहतं. मी बेळगाव कॅम्पला असते. बीएच नंबर (भारत सिरीजचा, सगळ्या राज्यांत चालणारा) घ्यावा का?

उत्तर : ताई, गाडी त्यांच्याबरोबर फिरणार असेल तर घ्या, राज्य बदललं तरी परत पासिंग नको. पण बीएचला टॅक्स भरायला लागतो, दोन-दोन वर्षांचा, इलेक्ट्रिकला दर २ टक्के कमी असला तरी शून्य नाही. गाडी तुमच्याजवळ बेळगावातच राहणार असेल आणि त्या दिवशी केए-२२ ला, म्हणजे बेळगावच्या नंबरला, टॅक्स माफ असेल तर बीएच घेऊन उगीच पैसे जातील. हे डीलरला बुकिंगच्या वेळीच सांगा, बीएचसाठी मिस्टरांचं ओळखपत्र लागतं आणि ते सुट्टीवर आल्यावरच कागद होतील असं ठेवलंत तर आलेली गाडी शोरूममध्ये उभी राहील.